तुझ्या भावाची साक्ष

आव्वा, काल धाराशिवच्या कोर्टात गेलो होतो. काम माझं नव्हतं. नातवाच्या जमिनीच्या मोजणीचं भांडण आहे, त्याला सोबत हवी होती म्हणून गेलो आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिलो. इमारत आपल्या वेळची नाही, भाषाही तेव्हाची उर्दू नाही, सगळं मराठीत चालतं. पण आतून कुणाला तरी शपथ दिल्याचा आवाज आला, खरं सांगेन, खोटं सांगणार नाही, आणि माझ्या हातातला चहा हिंदकळला. नातू म्हणाला, आजोबा, थंडी वाजते का? मी हो म्हटलं. त्याला काय सांगणार? हे सगळं पाहिलेलं माणूस तू एकटीच होतीस, आणि तुला जाऊनही आता इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायला मला आधी तुझा पदर आठवावा लागतो.

आपलं गाव अणदूरपासून जवळच, ओढ्याच्या काठाला. आप्पांचं किराणा-भुसाराचं छोटं दुकान आणि ज्वारीपुरती जमीन. मामा तुझा पाठचा भाऊ. तुमचे आईवडील प्लेगात गेले तेव्हा तू नुकती नांदायला आली होतीस आणि तो तुझ्या कडेवर बसून सासरी आला, असं गावात सांगायचे. मोठा झाल्यावर त्यानं पाटलाची जमीन वाट्यानं केली, लग्न केलं, दोन गल्ल्या सोडून बिऱ्हाड केलं; तरी सांजेला पहिली भाकरी आपल्याच चुलीपुढं खायचा. मला ते अजून दिसतं. तू तव्यावरची भाकरी निखाऱ्याला लावतेस, ती टम्म फुगते, आणि मी ताट पुढं करेपर्यंत ती मामाच्या हातात गेलेली असते. आप्पा हसून म्हणतात, ‘ह्यो माझा मेहुणा न्हाय, थोरला ल्योक हाय.’ मामाही हसतो. त्याचे पुढचे दात जरा फाकलेले होते, हसला की लहान पोरासारखा दिसायचा.

पाटलाचा पुतण्या ओढ्यात मेलेला सापडला ते दिवस ज्वारी काढायचे होते. डोक्यात कुऱ्हाडीचा घाव. त्याच्या आधी काही दिवस त्याची जनावरं आपल्या पिकात शिरली होती आणि आप्पा चावडीपुढं सगळ्यांच्या देखत म्हणाले होते, ‘परत दिसली तर तंगडं तोडीन.’ जनावरांचं की त्याचं, ते कुणी विचारलं नव्हतं. पुतण्या जमिनीची वाटणी मागत होता आणि पाटलाच्या वाड्यावर रोज आवाज चढत होते, हेही सगळ्या गावाला माहीत होतं. पण पोलीस नळदुर्गाहून आले ते पाटलाकडं जेवले आणि तिथूनच तपासाला निघाले. पहिल्या दिवशी त्यांनी मामालाही विचारलं. तो म्हणाला, मी गावात नव्हतो, गाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवायला नळदुर्गाच्या लोहाराकडं गेलो होतो, रात्री तिथंच राहिलो. ते खरं होतं. मी स्वतः त्याला सकाळी चाक घेऊन जाताना पाहिलं होतं. आठवड्यानंतर पाटलानं त्याला वाड्यावर बोलावलं. त्यानंतर तो आपल्या चुलीपुढं आला नाही. तू दोनदा भाकरी झाकून ठेवलीस. तिसऱ्या दिवशी आप्पांना धरून नेलं.

धाराशिवला खटला उभा राहिला. तुळजापुरापर्यंत बैलगाडी, पुढं सर्व्हिस मोटार, अशी तू आणि मी जायचो. मी तुळजापूरच्या शाळेत उर्दू शिकलो होतो म्हणून कोर्टात काय चाललंय ते तुला हळू आवाजात मराठीत सांगायचं काम माझं. पण मामा साक्षीला उभा राहिला त्या दिवशी मला काही सांगावं लागलं नाही. तो मराठीतच बोलला. ‘सांजच्याला ओढ्याच्या काठानं येत व्हतो. दाजींच्या हातात कुऱ्हाड व्हती. कुऱ्हाडीला रगत व्हतं. म्या हाक मारली, तर दाजी बोलले न्हाईत.’ मुन्शी ते उर्दूत उतरवत होता, बोरूची करकर ऐकू येत होती. तू पदर दातांत धरलास. आप्पा पिंजऱ्यातून पुढं वाकले आणि नुसतं म्हणाले, ‘का रं?’ जज्जसाहेबांनी त्यांना गप्प केलं.

बाहेर लिंबाखाली आल्यावर मी एका गाडीवानाची कुऱ्हाड उचलली होती. खरं तर मामाला नुसता दांडा मारायचा होता, निदान मी स्वतःला तसं सांगत होतो. तू माझ्या कानफटात मारलीस. सगळ्या कोर्टाच्या आवारात. ‘त्याला हात लावलास तर त्याचं खोटं खरं हुईल,’ म्हणालीस, ‘लोक म्हणत्याल, बापाचाच ल्योक हाय.’ त्याआधी आणि त्यानंतर तू मला कधी मारलं नाहीस.

आपले वकीलसाहेब तिथंच उभे होते. मळकट शेरवानी, हातात पानाचा डबा, गुलबर्ग्याकडचे म्हातारे मुसलमान गृहस्थ. तुला ते बहन म्हणायचे. ‘बहन ठीक बोलती,’ ते मला म्हणाले. ‘गवाह को मारना, डराना, रुपया देना, तीनों में तुमारे बाप का गला कटता. बैठो, सुनो.’ मग दगडावर बसून त्यांनी तुला सगळं समजावलं, आणि मी तुला मराठीत सांगत गेलो. आधी जिरह, म्हणजे त्यालाच उलटसुलट प्रश्न विचारून त्याच्या बोलण्यात धरायचं. पोलिसांना तो पहिल्यांदा वेगळं बोलला होता, ते जज्जांपुढं आणायचं. लोहाराला समन्स काढून बोलवायचं. मामाला स्वतःला पश्चात्ताप झाला तर निकालाआधी कोर्टात उभं राहून साक्ष फिरवता येते. जितकं लवकर तितकं त्यालाही बरं. निकाल उलटा लागला तर हैदराबादेला अपील. आणि साक्ष खोटी होती असं दिसलं तर त्याच कोर्टाला अर्ज करायचा की ह्या माणसावर दरोगहलफीचा, म्हणजे हलफ, शपथ, घेऊन खोटं बोलल्याचा, खटला भरा. ‘वो हम नहीं भर सकते,’ ते म्हणाले, ‘अदालत को खुद लगना के मेरे सामने झूट बोला. और फांसी का मुकदमा है, बहन. इसमें झूटी गवाही की सजा छोटी नहीं होती.’ तू विचारलंस, ‘माझ्या भावाला व्हय?’ ते म्हणाले, ‘हां.’ तू मान खाली घातलीस.

आणखी एक रस्ता होता, तो वकिलांनी सांगितला नाही, गावानं सांगितला. आप्पांचे एक स्नेही अणदूरहून माणूस घेऊन आले. तो शपथेवर सांगायला तयार होता की त्या सांजेला आप्पा खंडोबाच्या देवळात त्याच्याजवळ बसले होते. खोट्याला खोटंच लागतं, असं त्या स्नेह्यांचं म्हणणं. मला ते पटलं होतं. तू त्या माणसाला पाणी दिलंस, गूळ दिलास आणि म्हणालीस, ‘देवळात न्हवते त्ये. घरी व्हते. माझ्या म्होरं जेवत व्हते. जे खरं हाय त्येच म्या सांगन.’ तू सांगितलंस. जज्जांनी ऐकून घेतलं. बायको नवऱ्यासाठी बोलणारच, इतकंच त्यावर निकालात होतं. मी मामाला चाक नेताना पाहिलं होतं, पण मुलाच्या साक्षीचंही तेच झालं असतं.

लोहार आला नाही. ते दिवस कुणी कुणाच्या भानगडीत पडायचे नव्हते. रझाकारांची ये-जा वाढली होती आणि पाटलाचं वरपर्यंत वजन होतं. समन्स घेऊन शिपाई गेला तेव्हा लोहाराच्या बायकोनं तो अक्कलकोटला गेल्याचं सांगितलं. जिरहेत वकीलसाहेबांनी मामाला घाम फोडला. गाडी कुठं होती, चाक कधी आणलंस, पोलिसांना आधी काय सांगितलंस? मामा एकदा माझ्याकडं बघून थांबला. मला वाटलं, आता फुटतो. पण कुणीतरी शिकवलेलं त्यानं बाहेर काढलं. ‘बहिणीचं कुक्कू वाचवायला पयल्यांदा खोटं बोललो सायेब. आता हलफ घेतलाय.’ तिथंच सगळं संपलं, आव्वा. तो परका असता तर जज्जांनी विचार केला असता. सख्खा मेहुणा उगाच कशाला बोलेल, असं त्यांना वाटलं. आपलं नातंच त्याच्या खोट्याला जामीन राहिलं.

निकालाआधी तू त्याला भेटलीस. वकिलांनी बजावलं होतं, एकटीनं जाऊ नको, बंद दाराआड बोलू नको. म्हणून तू मला घेऊन रविवारी भर दुपारी अणदूरच्या खंडोबाला गेलीस, देवळाच्या पायरीशी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, त्याची वाट बघत. तो नारळ घेऊन आला आणि तुला बघून थबकला. तू काही मागितलं नाहीस, शिव्या दिल्या नाहीस. ‘अजून निकाल लागला न्हाय,’ म्हणालीस. ‘उद्याच्या उद्या जाऊन सांग, चुकलं म्हणून. वकीलसायब म्हणत्यात, तुझ्यावर फार येणार न्हाय.’ मामा खाली बसला. ‘अक्का, जमीन जाईल. पोरं लहान हायती. तू पाटलाला वळखत न्हाईस.’ तू म्हणालीस, ‘मी तुला वळखते.’ तो रडायला लागला. भंडारा उधळणारे लोक बाजूनं जात होते, त्याच्या डोक्यावर पिवळं पडत होतं. बराच वेळ तो रडला आणि मग उठून, नारळ तसाच हातात घेऊन, देवळात न जाताच परत गेला.

आप्पांना जन्मठेप झाली. गुलबर्ग्याला नेलं. हैदराबादेला अपील दाखल झालं आणि तारखेची वाट बघण्यात पावसाळा गेला, हिवाळा आला. आपण एकदाच भेटायला गेलो. जाळीच्या पलीकडं आप्पा वाळलेले, खोकत होते. दुकानाची चौकशी केली, तुला म्हणाले, ‘भावाच्या दारात जाऊन भांडू नगंस.’ पुढच्या खेपेला जायची तयारी करत होतो तर तार आली. तापानं गेले. कधी पुरलं, कुठं पुरलं, ते तुरुंगवाल्यांनी धड सांगितलं नाही. आपल्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून, विभूती लावून मातीत निरोप देतात. आप्पांना कुणी बसवलं असेल का, हे तू कितीतरी दिवस विचारायचीस, माझ्याकडं न बघता.

अपिलाचं काय म्हणून आपण वकीलसाहेबांच्या घरी गेलो. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. ‘मुर्दे की अपील नहीं चलती, बहन,’ ते म्हणाले. मी तुला सांगितलं. तुला कळेना. माणूस गेला म्हणून त्याच्यावरचं रक्त पुसायचं की नाही, हे कोर्ट ऐकणारच नाही? नाही, त्यांनी सांगितलं. शिक्षा भोगणारा राहिला नाही, अपील बंद. आप्पा कागदोपत्री खुनी म्हणून राहणार. मग तू विचारलंस, ‘साक्षीदार हाय की जिता?’ वकीलसाहेबांच्या हातातला अडकित्ता थांबला. ‘त्यो खोटं बोलला, असं जज्जानं म्हटलं, तर मग हे खुनी ऱ्हात न्हाईत न्हवं?’ ते म्हणाले, शिक्षा पुसली जाणार नाही, पण लोक तेच समजतील, आणि सरकारी कागदावर एक तरी खरं वाक्य येईल. मग त्यांनी तुला विचारलं, ‘भाई है. सोच लो.’ तू म्हणालीस, ‘सोच लिया.’ तेवढी उर्दू तुला येत होती हे मला त्या दिवशी कळलं.

मामावरचा अर्ज कोर्टात पडून राहिला. मग पोलीस ॲक्शन झाली, नळदुर्गाच्या पुलावरून रणगाडे गेले, निजामाचं राज्य चार दिवसांत कोसळलं. पुढच्या आठवड्यांत मुसलमानांच्या घरांवर काय ओढवलं ते आपण पाहिलं. धाराशिवला वकीलसाहेबांच्या दाराला कुलूप होतं आणि शेजारी बोलत नव्हते. मला वाटलं, अर्जही गेला आणि माणूसही. पण काही महिन्यांनी ते परत आले. दाढी पूर्ण पांढरी, एक हात लुळा. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, तू विचारलंही नाहीस. ‘बहन का काम बाकी था,’ एवढंच म्हणाले आणि नव्या जज्जांपुढं जुना अर्ज काढला.

मामावर खटला उभा राहिला आणि ह्या वेळी लोहार आला. आता पाटलाची भीती तेवढी राहिली नव्हती. म्हणाला, ‘धाव तापवायला गवऱ्या ह्यानंच रचल्या माझ्यासंगं. चाक निवायला येळ लागला, रातच्याला माझ्या ओसरीवर निजला. सकाळी गेला.’ इतकं सोपं होतं ते. हेच तो आधी बोलला असता तर, असं ओठांवर आलेलं मी त्या वेळी गिळलं.

मग तुला उभं केलं. जज्जांनी विचारलं, आरोपी तुमचा कोण? ‘भाऊ. सख्खा.’ त्याच्याशी वैर आहे? ‘वैर न्हाय सायेब. ह्याला म्या कडेवर वागवलाय.’ मग त्याला शिक्षा व्हावी असं का वाटतं? ‘मला शिक्षा नगं,’ तू म्हणालीस, ‘त्यो खोटं बोलला एवढं ल्ह्या. पर शिक्षेबगार ते ल्हिता येत नसंल तर द्या शिक्षा.’ मामानं कबूल केलं. जज्जांनी त्याला तीन-तीनदा विचारलं, कुणी सांगितलं होतं खोटं बोलायला? नाव सांगितलंस तर शिक्षेत बघता येईल. पाटील मागच्या बाकावर बसला होता, पांढरी टोपी घालून. नव्या राज्यात त्यानं टोपी तेवढी बदलली होती. मामा खाली बघत राहिला. ‘माझं म्याच,’ म्हणाला. वकीलसाहेब नंतर मला म्हणाले की कायद्याचा हात जीभ हलवणाऱ्यापर्यंत गेला, हलवायला लावणाऱ्यापर्यंत नाही, आणि तसा तो फारसा कधी जात नाही.

जज्जांनी निकाल वाचला. आरोपीनं जाणूनबुजून, हलफ घेऊन, खोटी साक्ष दिली. तू मला ते पुन्हा सांगायला लावलंस, आणि मग अजून एकदा. मामाला सक्तमजुरी झाली. शिपाई त्याला दोरीला बांधून व्हरांड्यात घेऊन आले तेव्हा तू पुढं गेलीस. मला वाटलं, आता तू थुंकणार. तू कमरेला खोचलेल्या फडक्यातून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढलीस. शिपायानं हटकलं तर त्याला म्हणालीस, ‘सकाळधरनं उपाशी हाय त्यो.’ मामाच्या बांधलेल्या हातात तू भाकरी दिलीस आणि तो ती खाईपर्यंत उभी राहिलीस. सकाळी, निघताना, दोघांना पुरतील त्याहून जास्त भाकरी तू का करत होतीस, ते मला तिथं कळलं, आणि मी तोंड फिरवून मोटारीकडं चालू लागलो.

गावानं तुला माफ केलं नाही. ज्या बायका आप्पांना खुनी म्हणत होत्या त्याच म्हणू लागल्या, सख्ख्या भावाला तुरुंगात घातला. हळदीकुंकवाचं बोलावणं तसंही तुला येणार नव्हतं, पण पाणवठ्यावरही बायका घागर उचलून बाजूला व्हायच्या. मामाची जमीन पाटलानं काढून घेतलीच. मामी पोरांना घेऊन माहेरी गेली. पाटील म्हातारा होऊन, नातवंडांच्या मध्ये, स्वतःच्या बाजेवर मेला. त्या ओढ्यात कुणी कुणाला मारलं ते आजवर कुठल्या कोर्टात आलं नाही.

तू गेलीस त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मामा आला. सुटल्यावर सोलापुरात गिरणीत होता, तिकडंच राहिला. दात गेले होते, मला आधी ओळखता आला नाही. ओसरीवर बसला आणि म्हणाला, ‘पाटलानंच सांगितलं व्हतं. अक्काला तेवढं सांगायला आलो.’ तू नाहीस हे त्याला माहीत नव्हतं. मी त्याला शेतात तुझ्या समाधीपाशी घेऊन गेलो. तो तिथं बसून काहीतरी पुटपुटत होता. मी बांधावर थांबलो. मला राग यायला हवा होता, निदान कीव तरी. दोन्ही आलं नाही. सांजेच्या मोटारीनं तो गेला आणि पुन्हा दिसला नाही.

हे मी कुणाला दाखवणार नाही आणि तुला पोचणार नाही, म्हणून एक सांगून टाकतो. आप्पांचा आवाज कसा होता ते मला आता आठवत नाही, आव्वा. काल त्या बाकावर बसून खूप प्रयत्न केला. ते माझ्याशी, तुझ्याशी इतकं बोलले असतील, पण एकही वाक्य त्यांच्या आवाजात कानाशी येईना. मामाची साक्ष मात्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, त्याच्याच आवाजात, मला पाठ आहे.